होडीचं नंतर

मी भौतिकशास्त्र शिकवत नाही. भौतिकशास्त्र वर्गात कसं शिकवलं जातं आणि मुलांच्या डोक्यात त्याचं काय होतं, याचा अभ्यास करते. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं लग्नात, बँकेत आणि सोसायटीच्या सभेत सांगत आले आहे, आणि ऐकणारा दर वेळी म्हणतो, "म्हणजे शिकवताच ना?" नेरूळला आमच्या बिल्डिंगमध्ये मी अजूनही 'सायन्सच्या मॅडम'. लोक दहावीतली मुलं घेऊन येतात आणि मी ट्यूशन घेत नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करून जातात.

आमचं केंद्र लहान आहे. तीन खोल्या, एक संचालक, आम्ही चार-पाच संशोधक. त्यात माझं असं म्हणता येईल ते एक यंत्र. हातात मावेल एवढी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर अ, ब, क, ड अशी चार बटणं. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे एक. शिक्षकानं प्रश्न विचारायचा, मुलांनी बटण दाबायचं, आणि किती जणांनी काय दाबलं त्याचे उभे पट्टे शिक्षकाच्या लॅपटॉपवर यायचे. हात वर करायला लाजणारं मूलसुद्धा बटण दाबतं, एवढी साधी कल्पना. पण त्या कल्पनेपायी मी दोन वर्षं रबाळ्याच्या एका शेडमध्ये खेटे घातले. बटण किती दाबलं की लागावं, डबी बाकावरून पडली तर फुटू नये, घामेजल्या बोटांनी अक्षरं पुसू नयेत. शेडचा मालक मला लांबून येताना बघून आधी चहा सांगायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. यंत्राचं नाव मी ठेवलं होतं 'प्रतिसादक'.

मग बाई आल्या. सारसोळ्याच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. माहेरही तिथलं, सासरही तिथलंच. तिथल्याच पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि आठवड्यातले तीन दिवस आमच्या प्रकल्पावर यायच्या. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वर्गातली मुलं माझ्या यंत्राला 'टिकटिकी' म्हणायला लागली. बाईंनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून बाकीच्या शाळांनी उचलला, आणि दिवाळीपर्यंत प्रतिसादक कुठे गेला ते कुणाला कळलंही नाही. बाहेरगावचे पाहुणे आले होते तेव्हा आमच्या संचालक सरांनी डबी हातात धरून सांगितलं, "ही आमची टिकटिकी." मी पाहुण्यांकडे बघून हसले. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "मूल माझं आणि बारसं त्यांनी केलं."

"बारशाला नाव आत्याच ठेवते," तो म्हणाला. "घे करून आत्या."

नवऱ्याला हे सगळं गमतीचं वाटायचं. रोज जेवताना विचारायचा, "आज बाईंनी काय केलं?" आणि मी रोज सांगायचे, हीच माझी पंचाईत. कारण रोज काहीतरी केलेलं असायचं. मुलं बटण दाबण्याआधी शेजारच्याच्या डबीवर डोळा ठेवतात, हा आमचा जुना त्रास. त्यावर डबीला झाकण करायचं म्हणून मी तीन चित्रं काढली होती. बाईंनी मुलांना सांगितलं, डबी मांडीवर ठेवा आणि माझ्याकडे बघत दाबा. झालं. झाकणाचा विषय संपला. सर म्हणाले, "वा, वा." मला ते वा वा चार दिवस ऐकू येत होतं.

आणि मुलं. मी वर्गात शिरले की मुलं उभी राहायची, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची आणि बसायची. बाई शिरल्या की बसलेली मुलं उठून पुढे यायची. कुणाला काही दाखवायचं असायचं, कुणाची तक्रार असायची, कुणी नुसतंच पदराला हात लावून जायचं. "ए, व्हा बाजूला, श्वास घेऊ द्या ना रं," असं ओरडत बाई त्यांच्यातून वाट काढायच्या. मी दाराशी टिकटिकींची पेटी घेऊन उभी असायचे. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. मला पीएचडी होती, देशोदेशींच्या परिषदांना जाऊन आले होते, आणि मला हेवा वाटत होता तो शेंबड्या मुलांनी कुणाच्या पदराला हात लावला याचा.

तोपर्यंत हे माझ्या पोटातच होतं. मग आदर्श तास ठरवायची वेळ आली.

प्रकल्प पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत न्यायचा होता. त्यासाठी शिक्षकांची प्रशिक्षणं, आणि प्रशिक्षणात दाखवायला एक आदर्श तास. सहा जणांनी एकाच पाठावर, एकाच आराखड्यावरून घेतलेले सहा तास आमच्याकडे रेकॉर्ड केलेले होते. त्यातला जो उत्तम ठरेल तो दाखवायचा, आणि ज्याचा तो तास, त्यानं प्रशिक्षण चालवायचं, असं सरांनी जाहीर केलं. सहांत एक तास बाईंचा होता, एक माझा. आराखडा माझा, प्रश्न माझे, यंत्र माझं. प्रशिक्षण मला हवं होतं. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती आणि आयुष्यभर शिकवण्याबद्दल लिहून झालं होतं. आता चाळीस-पन्नास शिक्षकांसमोर उभं राहून मला एकदा सांगायचं होतं की हे असं करायचं. इतकं साधं होतं, आणि त्यापायी मी झोपेत दात खायला लागले होते.

माझा तास मला चांगला आठवत होता. शिरवण्याजवळच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गावर. मला स्वतःचा वर्ग नाही, म्हणून उसना घेतला होता. कंपन्यांतल्या कामगारांची मुलं. काय सुंदर बोलली होती! शेवटी टाळ्या वाजवल्या होत्या. तो तास आठवला की मला स्वतःबद्दल बरं वाटायचं. मी त्याचं रेकॉर्डिंग कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा आवाज मला सहन होत नाही.

आता आमच्या धंद्यातली रीत सांगायला हवी. तास चांगला की वाईट हे आम्ही 'आवडला' म्हणून ठरवत नाही. तासातलं सगळं बोलणं टाइप करून घेतो, मग त्यातला मुलाचा एकेक उद्गार घेऊन बघतो की शिक्षकानं त्याचं काय केलं. त्याला आकडा देतो. बोलणं तोडलं तर शून्य. ऐकून सोडून दिलं तर एक. 'तुला असं का वाटतं' म्हणून परत विचारलं तर दोन. आणि मुलाच्या बोलण्यावरून तास पुढे नेला तर तीन. याला आम्ही कोडिंग म्हणतो. दोघांनी वेगवेगळं बसून करायचं, मग समोरासमोर बसून जिथे आकडे जुळत नाहीत तिथे एकमत होईपर्यंत बोलायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे उतारा कुणाच्या तासाचा आहे हे कळू द्यायचं नाही, आणि कळलंच तरी तोंडातून काढायचं नाही. हा नियम नव्या माणसांना मीच शिकवते.

कोडिंग करायला आम्ही दोघीच होतो, बाई आणि मी. आमचे स्वतःचे तास त्यात असताना हे बरोबर नाही, हे सरांनाही कळत होतं. पण बाकीचे दुसऱ्या कामात अडकलेले. म्हणून सरांनी टायपिस्टला बजावून ठेवलं. तिनं काम चोख केलं. 'बाई', 'मॅडम', 'सर' सगळ्यांचा 'शिक्षक' झाला. गावाची, मुलांची नावं गेली. 'कोन'चं 'कोण' झालं, 'हाय'चं 'आहे' झालं. सगळी जणं पाठ्यपुस्तकासारखी बोलायला लागली. सहा उतारे, वर नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, तो कागद सरांच्या कपाटात बंद पाकिटात.

मी ओळखणार नाही असं कुणाला वाटलं असेल तर ते माझ्या स्वभावाला ओळखत नव्हते.

दुसऱ्या उताऱ्याच्या चौथ्या पानावर मला हवं ते सापडलं. पाठ बलाचा होता. टेबलावर ढकललेलं पुस्तक थांबतं, ते का? मुलांना वाटतं आपण दिलेलं बल संपलं म्हणून. तसं नसतं, पुस्तकाला टेबल घासून अडवतं, हे मुलांच्या गळी उतरवायचं हा सगळा खटाटोप. तिथे एक मूल उठून म्हणतं, "वल्हं उचललं तरी होडी पुढे जाते. लगेच थांबत नाही. मग तिचं बल का नाही संपत?" मी पेन खाली ठेवलं. असा प्रश्न वर्गात येण्यासाठी माणसं जन्मभर वाट बघतात. पुस्तकाला टेबल अडवतं, होडीला पाणी अडवतं पण कमी. अख्खा पाठ त्या एका वाक्यात होता, नुसता उचलून घ्यायचा होता. आणि त्याखाली शिक्षकाचं वाक्य होतं, "होडीचं नंतर. आधी बटण दाबा."

होडी! म्हणजे खाडीकाठचा वर्ग. म्हणजे सारसोळे. म्हणजे बाई. मी खुर्चीत मागे रेलून हसले. स्वतः कोळ्याची मुलगी, आणि वर्गात होडी आली तर तिला म्हणे नंतर ये. शून्य. मी तो शून्य जरा मोठाच काढला. पुढेही तेच. मूल बोलायला तोंड उघडतं, शिक्षक म्हणतो, "किती जणांचं ब आलं?" मूल कारण सांगतं, शिक्षक म्हणतो, "छान, बसा." शून्य, एक, शून्य. लॅपटॉपवरच्या पट्ट्यांकडे डोळे आणि मुलांकडे पाठ. मी माझ्या शोधनिबंधांत ज्या शिक्षकाबद्दल लिहीत आले तोच हा. त्या दुपारी माझी भूक वाढली, दोन वडापाव खाल्ले.

तिसरा उतारा वाचायला घेतला तर त्यात एक मूल म्हणतं, बाबांच्या कंपनीत ट्रॉली असते, तिला तेल घातलं की एकदा ढकलली तरी लांब जाते. कंपनी! म्हणजे शिरवणे. म्हणजे मी. आणि शिक्षक विचारतो, "तेल घातल्यावर काय बदललं? ट्रॉली तीच ना?" मग थांबतो. दुसरं मूल बोलतं, तिसरं बोलतं, सगळा तास त्या ट्रॉलीवर बसून पुढे जातो. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन, तीन, तीन. स्वतःला आकडे देताना हात सैल सुटू नये म्हणून मी मुद्दाम सांभाळलं, पण खरंच आखडायची गरज नव्हती.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. बाकीच्या उताऱ्यांवर दहा मिनिटांत एकमत झालं. तिसऱ्यावर तर बाईंचे आकडे माझ्याहून जरा कमीच होते. मी मनात म्हटलं, बरोबर, माझा आहे ना. दुसऱ्यावर आलो. होडीच्या वाक्याशी बाई थांबल्या.

"मॅडम, इथं शून्य नको. एक द्या."

"का?"

"नंतर म्हटलंय ना. नंतर म्हनजे नाय म्हटलेलं नाय."

"आणि नंतर घेतलं का? पानं उलटा. घंटा झाली, होडी काही आली नाही."

"तास कमी पडला असंल."

"ट्रॉलीला तास कमी पडला नाही तो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बघा, खाई त्याला खवखवे. स्वतःचा तास वाचवायची धडपड चाललीय आणि चेहरा किती निर्विकार! मला आणखी चेव आला. मी त्यांना शिक्षकाच्या घाईबद्दल, यंत्राच्या मोहाबद्दल, मुलाच्या अपमानाबद्दल अर्धा तास ऐकवलं. म्हटलं, असं मूल पुन्हा वर्गात तोंड उघडत नाही. म्हटलं, हा शिक्षक वर्गात नव्हताच, स्क्रीनमध्ये होता. एकमत होईपर्यंत बोलायचं हा नियम, आणि बोलण्यात मला कोण हरवणार? शेवटी बाईंनी स्वतःचा एक खोडला आणि शून्य लिहिला. पुढच्या तीन ठिकाणीही लिहिला. मग कागदावर दोघींनी सह्या केल्या. एकदा सह्या झाल्या की आकडे बदलता येत नाहीत, हाही नियम मीच केलेला.

शुक्रवारी सरांनी सगळ्यांना बोलावून पाकीट फोडलं. बेरजा फळ्यावर होत्या. तिसरा उतारा सगळ्यांत वर, दुसरा सगळ्यांत खाली, मधल्या चारांत फार फरक नव्हता. सरांनी चष्मा लावला.

"तिसरा तास बाईंचा."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या असाव्यात. मला वाटलं, सरांची ओळ चुकली. मग वाटलं, टायपिस्टनं आकडे उलटसुलट केले. सर कागदाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "बाकीचे वाचायची गरज नाही. आपला आदर्श तास ठरला."

तिथे गप्प बसले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण मला खात्री होती की चूक झालीय आणि ती सगळ्यांदेखत सुधारली पाहिजे. "दुसरा वाचा ना सर," मी म्हटलं. "सगळे वाचायचे असा नियम आहे."

"राहू दे, मॅडम."

"का राहू दे?"

"दुसरा तुमचा आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी म्हटलं, शक्य नाही, माझा तास शिरवण्याचा, त्यात होडी कुठून येणार. सर अगदी हळू बोलले. शिरवण्याच्या तासाचा आवाजच आला नव्हता, माइकची पिन सैल होती. मी पंधरा दिवसांनी बाईंच्या शाळेत, त्यांच्याच दुसऱ्या तुकडीवर तो पुन्हा घेतला होता, घाईघाईत, कारण दुपारी माझी पुण्याची गाडी होती. आणि सर बोलत असतानाच मला ते आठवलं. सगळं नाही, पण शाळेचा जिना आठवला, हातातली बॅग आठवली. सारसोळ्यातलेही बाप आता कंपनीत जातात, हेही तेव्हाच सुचलं. तो तास मी विसरून गेले होते आणि त्याच्या जागी शिरवण्याच्या टाळ्या ठेवून दिल्या होत्या. शिक्षकाला आपण वर्गात काय करतो ते कधीच माहीत नसतं, यावर माझं एक व्याख्यान आहे. ते मी किमान दहा ठिकाणी दिलं आहे.

त्या दिवशी मी जेवले नाही. दुपारी बेसिनपाशी बाई डबा धूत होत्या, मी मागे जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला. "पोरं माझी हायत, मॅडम. होडीचं कोन बोललं ते पन म्हायत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ओळख सांगायची नाय. तुमीच शिकवलंत ना?"

"आणि मग माझ्यासाठी भांडत का होतात? दया आली?"

बाईंनी खरंच विचार केला. त्या विचारलेल्या प्रश्नावर विचार करतात, हीसुद्धा मला न आवडणारी गोष्ट. "तुमच्यासाठी नाय भांडले," त्या म्हणाल्या. "मला तो एकच वाटला. खरंच. मग तुमी बोललात ते ऐकून पटलं की शून्यच हाय."

त्यांनी दया केली असती तर मला रागावता आलं असतं. तीही सोय त्यांनी ठेवली नाही. आमच्या दोघींत एकीनं कोडिंग केलं होतं आणि एकीनं दावा साधला होता, आणि आकडा मात्र दावा साधणारीचाच बरोबर निघाला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी इतक्या बारकाईनं, इतक्या निर्दयपणे आणि इतकं अचूक कोडिंग कधी केलं नव्हतं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "कढी गरम करू का?"

पुढच्या महिन्यात प्रशिक्षण झालं. एका शाळेचा हॉल, पंचेचाळीस शिक्षक, पुढे बाई. मी मागे टिकटिकींच्या पेट्यांपाशी. कुणाची डबी चालली नाही तर बदलून द्यायची, हे काम मी स्वतः मागून घेतलं होतं. घरी बसले असते तर लोकांनी बरोबर ओळखलं असतं. सकाळी बाईंनी त्यांचा तास दाखवला, ट्रॉलीचा. हॉल खूश. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

जेवणानंतर त्यांनी एक छापील पान वाटलं. मी एक उचललं. होडीचं पान होतं. बाई आदल्या दिवशी मला विचारायला आल्या होत्या, वापरू का म्हणून. मी म्हटलं होतं, वापरा, त्यावर नाव कुठे आहे? म्हणताना सोपं गेलं होतं.

"होडीचं नंतर, आधी बटण दाबा," कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि हॉल हसला. चांगला खळखळून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ही शिक्षिका अशी का वागली असंल? रागावू नका तिला. कारनं शोधा." आणि खडू घेऊन उभ्या राहिल्या. लोक सांगत गेले, बाई फळ्यावर लिहीत गेल्या. पोर्शन संपवायचा असेल. कॅमेरा होता म्हणून टेन्शन आलं असेल. वर्गात गोंगाट असेल. मी मान खाली घालून पेटीतल्या डब्या मोजत होते. मग खिडकीजवळचे एक सर म्हणाले, "सोपंय. तिला उत्तरच येत नसणार."

हॉल पुन्हा हसला. आणि मी उभी राहिले. ठरवून नाही. माझा स्वभावच तसा आहे. मला घाईची म्हणा, यंत्रवेडी म्हणा, पण मला होडीचं उत्तर येत नाही?

"उत्तर येत होतं," मी म्हटलं. "तो तास माझा आहे."

पंचेचाळीस माना वळल्या. ते सर पांढरे पडले. बाई खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "मग का नाय घेतलं, मॅडम?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना माहीत नव्हतं म्हणून विचारत होत्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार होत्या.

मी सांगणार होते की गाडी होती, घाई होती, डोळे लॅपटॉपवर होते. हे सगळं खरंच होतं, आणि कोडिंग करताना मीच ते सिद्ध केलं होतं. पण टाइप केलेल्या कागदावर मूल काय बोललं ते येतं, बोलताना कुणाकडे बघत होतं ते येत नाही. बाईंना असं समोर उभं बघितल्यावर मला तो वर्ग एकदम दिसला. कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीशी होता आणि कॅमेऱ्याशेजारी बाई उभ्या होत्या, आपल्या मुलांना सोबत म्हणून. ती मुलगी उठली ती मागे वळून. मला तिची वेणी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. फळ्यापाशी मी उभी असताना तिनं होडीचं मागे वळून विचारलं होतं. आणि सगळा वर्ग तिच्याबरोबर मागे वळला होता.

"कारण त्या मुलीनं ते मला विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्हाला विचारलं होतं. म्हणून मी तिला बोलू दिलं नाही."

कुणी हसलं नाही. मी उभीच होते, बसायचं सुचत नव्हतं. बाई फळ्याकडे वळल्या आणि इतर कारणांच्या खाली त्यांनी माझं वाक्य लिहिलं, 'प्रश्न मला विचारला नव्हता', जसंच्या तसं, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असं. बाईंचं अक्षर फार सुरेख आहे. तेही मला बघवलं नाही.